समजून घ्या : महिला दिनाला गुलाब मिळाला, पण पाळणाघर कुठे आहे?

दरवर्षी ८ मार्चला कंपन्यांच्या दारात रांगोळी निघते, महिला कर्मचाऱ्यांना गुलाब दिले जातात, ताणतणावावर व्याख्यान होते. दुसऱ्या दिवशी पाळी पुन्हा ठरलेल्या वेळेला सुरू होते आणि ‘बाळाला कुणाकडे ठेवायचे?’ हा प्रश्न जिथल्या तिथेच असतो.

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या पिंपळीसारख्या गावांसाठी हा प्रश्न शहरापुरता राहिलेला नाही. बारामती एमआयडीसीत वाहन, दुग्धप्रक्रिया आणि चॉकलेटचे कारखाने आहेत. बारामती हायटेक टेक्स्टाइल पार्कमध्ये तर शिलाईच्या कामावर प्रामुख्याने महिलाच आहेत. शिकलेल्या मुली पुण्यातल्या आयटी कंपन्यांत जातात. कॉर्पोरेट जग आता गावाच्या फाट्यापर्यंत आले आहे. त्या जगातले हक्क मात्र अजून तिथवर पोहोचलेले नाहीत.

बाईचा दिवस किती तासांचा?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिलांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात, पुरुषांची ८८. म्हणजे बाईचे जवळपास पाच तास, पुरुषाचा दीड तास. त्यात मुलांची आणि वृद्धांची देखभाल धरलेली नाही.

आठ तासांची पाळी आणि येण्याजाण्याचा वेळ यात मिळवला, तर झोपेला किती उरतो याचा हिशेब कुणीही करू शकेल. अशा बाईला सुट्टीच्या दिवशी ‘वेलनेस’ शिबिराला बोलावणे म्हणजे तिच्या उरल्यासुरल्या वेळेवर आणखी एक काम टाकणे. तिचे स्वास्थ्य सुधारायचे असेल, तर आधी तिचा वेळ आणि तिची काळजी वाचली पाहिजे.

पाळणाघर कोणाला बंधनकारक?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ वरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक झाले. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा आहे. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी कायम आहेत.

रजेची माहिती बहुतेकींना असते, पाळणाघराची फार थोड्यांना. खरी अडचण तर २७ व्या आठवड्यात सुरू होते. सासू किंवा आई सांभाळायला असेल तर नोकरी टिकते, नसेल तर सुटते. राजीनाम्यावर ‘घरगुती कारण’ लिहिले जाते आणि कंपनीच्या नोंदीत तिने स्वतःहून काम सोडलेले असते.

कंपनीची गाडी हेही कामाचे ठिकाण

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. त्याची मुळे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालात आहेत. या कायद्यानुसार कामासाठी मालकाने पुरवलेली वाहतूक हेही कामाचे ठिकाणच ठरते. पाळीला नेणाऱ्या बसमध्ये घडलेला प्रकार ‘बाहेरचा’ म्हणून झटकता येत नाही. कंत्राटी, रोजंदारी आणि शिकाऊ महिलांनाही हेच संरक्षण आहे.

तक्रार कुठे करायची?

- १० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या किंवा अधिक सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा.
- १० पेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. त्यासाठी तालुक्यात समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे.
- तक्रार तीन महिन्यांत लेखी करावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. लिहिता येत नसेल तर मदत करणे समितीचे काम आहे.
- चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे.
- समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

समितीचा आदेश दर्शनी भागात लावणेही बंधनकारक आहे. तो फलक दिसत नसेल, तर तिथेच पहिली शंका घ्यावी. मे २०२३ मध्ये गोव्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंमलबजावणीतील त्रुटींवर कडक ताशेरे ओढले होते. तेव्हा कायदा होऊन दहा वर्षे झाली होती.

मोठे नाव म्हणजे हमी नव्हे

२०२४ मध्ये पुण्यातील एका बड्या कंपनीत काम करणाऱ्या तरुणीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेले पत्र देशभर चर्चेत आले. त्यानंतरच्या तपासणीत, त्या कार्यालयाकडे राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणी नसल्याचे कामगार विभागाच्या अधिकाऱ्यांनी सांगितले. कामाचे तास बांधून देणारा हाच तो कायदा. लेक मोठ्या कंपनीत लागली म्हणून गावात पेढे वाटणाऱ्या घरांनी हे लक्षात ठेवायला हवे.

मग करायचे काय?

‘इतक्या सोयी द्यायच्या तर बायकांना कामावर घेणेच परवडणार नाही,’ असा सूर उद्योगांकडून निघतो. लहान कारखान्यासाठी ही अडचण खोटी नाही. पण तिच्यावरचा तोडगा कायद्यातच आहे. प्रत्येकाने वेगळे पाळणाघर काढलेच पाहिजे असे नाही. अनेक आस्थापना खर्च वाटून घेऊन सामायिक पाळणाघर चालवू शकतात. सरकारी किंवा नगरपालिकेच्या पाळणाघराचाही उपयोग करता येतो.

बारामती एमआयडीसीसारख्या, एकमेकांना लागून कारखाने असलेल्या ठिकाणी हे सहज जमण्यासारखे आहे. ऊस गाळपासाठी हजारो शेतकऱ्यांना एकत्र आणणाऱ्या या पट्ट्याला, दहा कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवणे अवघड का वाटावे? बस जशी पाळीच्या वेळेला येते, तसे पाळणाघरही पाळीच्या वेळेप्रमाणे उघडे हवे.

नोकरीला लागताना पगार विचारला जातोच. त्याच टेबलावर आणखी तीन प्रश्न विचारावेत : पाळणाघर कुठे आहे, तक्रार समितीवर कोण आहे आणि पाळी सुटल्यावर घरी जाण्याची सोय काय? एकटीने विचारले तर नजरेत येण्याची भीती असते. पिंपळीहून एकाच बसने जाणाऱ्या दहाजणींनी मिळून विचारले, तर उत्तर द्यावेच लागेल.