‘अंधारयुग’ कोणाचे? : यादवोत्तर मराठी वाङ्मयाविषयी काही विचार

पदव्युत्तर वर्गाला प्राचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास शिकविताना एक अनुभव दरवर्षी येतो. ज्ञानदेव-नामदेवांनंतर एकनाथांपर्यंत मराठी वाङ्मयात पोकळी का दिसते, या प्रश्नाला विद्यार्थी क्षणभरही न थांबता उत्तर देतात : परचक्रामुळे. हे उत्तर त्यांचे नसते, ते आपल्या वाङ्मयेतिहासांनी त्यांच्या हाती दिलेले असते. देवगिरी पडली, राजाश्रय गेला आणि मराठी वाणी मूक झाली, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील पहिले विधान निर्विवाद आहे. दुसरे संशयास्पद आहे आणि तिसरे, प्रस्तुत लेखकाच्या मते, उपलब्ध पुराव्याशी विसंगत आहे.

प्रथम राजाश्रयाचा विचार करू. यादवांच्या दरबाराने जे ज्ञान पोसले ते मुख्यतः संस्कृतातील होते. सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’, हेमाद्रीचा ‘चतुर्वर्गचिंतामणि’, बोपदेवाचे ‘मुग्धबोध’ व्याकरण ही त्याची ठळक उदाहरणे होत. मराठीला स्थान होते ते शिलालेखांत आणि दानपत्रांत. पंढरपूरचा ‘चौऱ्यांशीचा लेख’ त्याची साक्ष देतो. परंतु ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले ऋद्धिपुरास, ‘ज्ञानेश्वरी’ 1290 मध्ये नेवाशास, आणि अभंगवाणी पंढरीच्या वाळवंटात. यांपैकी एकही राजधानी नव्हे. कन्नड वाङ्मयाचा आरंभ ‘कविराजमार्गा’च्या रूपाने राष्ट्रकूटांच्या राजसभेत झाला. मराठीचे तसे झाले नाही, आणि हा भेद आपण पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही. ख्रिश्चन नोवेत्स्के यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो सविस्तर मांडला. हे काम खरे तर आपल्याच एखाद्या विभागातून यावयास हवे होते.

‘रुक्मिणीस्वयंवर’कार नरेंद्राविषयी महानुभाव परंपरेत एक कथा आहे. यादव राजाने काव्याला आपले नाव लावण्याच्या बदल्यात सुवर्ण देऊ केले आणि कवीने ते नाकारले. कथा अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. परंतु जे वाङ्मय स्वतःच्या उगमाची आठवण अशा नकाराच्या रूपाने जपते, त्याचे आयुष्य सिंहासनाच्या आयुष्याला बांधणे सयुक्तिक ठरत नाही.

आता कालक्रम पाहू. अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवरील स्वारी 1296 ची. हरपालदेवाचा क्रूर वध होऊन यादवसत्ता संपली ती 1318 मध्ये. 1327 च्या सुमारास महंमद तुघलकाने देवगिरीला दौलताबाद म्हणून राजधानीचा मान दिला आणि 1347 मध्ये बहमनी राज्य उभे राहिले. या तारखांशेजारी वाङ्मयाच्या तारखा ठेवून पाहाव्यात. परंपरेनुसार चोखामेळ्याचा मृत्यू 1338 चा आणि नामदेवांची समाधी 1350 ची. महानुभावांच्या ‘साती ग्रंथां’पैकी ‘सह्याद्रिवर्णन’ आणि ‘ऋद्धिपुरवर्णन’ यांच्या कालनिश्चितीविषयी मतभेद असले, तरी ते यादवसत्तेच्या अंतानंतरचे आहेत याविषयी दुमत नाही. ‘यादवकालीन’ म्हणून आपण ज्या वैभवाचा गौरव करतो, त्यातील बराच भाग यादव नसतानाचा आहे.

याचा अर्थ आघात झालाच नाही असा नव्हे. तसे म्हणणे इतिहासाशी प्रतारणा ठरेल. ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खालशाच्या धाडीत नष्ट झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. पण तीच परंपरा पुढे असेही सांगते की हिराइसेसारख्या एकपाठी स्त्रीने आणि इतर अनुयायांनी तो ग्रंथ स्मरणातून पुन्हा उभा केला. आजचे ‘लीळाचरित्रा’चे भिन्न पाठ हे त्या नाशाचे आणि त्या पुनर्रचनेचे एकत्रित फळ होय. आपले वाङ्मयेतिहास यांतील पहिली घटना ठळकपणे नोंदवितात आणि दुसरी संहिताचिकित्सेच्या परिशिष्टात ढकलून देतात.

तेच ‘ज्ञानेश्वरी’चे. एकनाथांनी 1584 मध्ये, म्हणजे रचनेनंतर 294 वर्षांनी, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांमुळे त्यात अशुद्धे शिरली, असे त्यांनीच नमूद केले आहे. शिवाय तिच्यात स्वतःच्या ओव्या घुसडणाऱ्यांना त्यांनी खडसावलेही आहे. या घटनेचा अर्थ आपण आजवर एकाच बाजूने लावला : मधल्या काळात ग्रंथ भ्रष्ट झाला. परंतु जो ग्रंथ कोणी वाचत नाही, उतरवून घेत नाही, त्यात पाठभेद कोठून येणार? ज्या समाजाची वाणी मूक झाली आहे, त्यात ज्ञानदेवांच्या ओवीत आपली ओवी मिसळण्याचे धाडस करणारे लोक कोठून येणार? पाठभेद ही लेखनिकाची चूक असते, तशीच ती वाचनाची खूणही असते. चौदाव्या-पंधराव्या शतकातील अनाम मराठी माणसे त्या ‘अशुद्धां’त आजही वावरत आहेत. आपण मात्र त्यांना गाळून मूळ संहिता शोधतो आणि मग तक्रार करतो की मधल्या काळात कोणी नव्हते!

साहित्याबाहेरचा पुरावाही हेच सांगतो. अलिबागजवळील नागाव येथील 1367 चा शिलालेख मराठीत आहे आणि त्यात हिजरी व शक अशी दोन्ही कालगणना एकत्र नांदते. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात राज्याचे हिशेब फारसीऐवजी ‘हिंदवी’त ठेवविले, असे फिरिश्ता लिहितो. हा शब्द त्याने स्थानिक भाषांसाठी योजला असावा, आणि त्यांत मराठीचा वाटा मोठा होता असे सामान्यतः मानले जाते. स्वतः एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी दौलताबादेस निजामशाहीच्या सेवेत होते. ज्या किल्ल्याच्या पतनाने मराठी वाणी मूक झाली असे आपण शिकवितो, त्याच किल्ल्यावर ज्ञानदेवांच्या संपादकाची घडण झाली.

रचना विरळ झाली हे मान्यच आहे. पण त्याची कारणे एकाहून अधिक आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला, बारा वर्षे टिकला असे सांगितले जाणारा दुर्गादेवीचा दुष्काळ वाङ्मयेतिहासात एका वाक्यापुरता येतो. महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांमुळे त्यांचे पुष्कळ लेखन विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंथाबाहेरच्या अभ्यासकांना वाचताच येत नव्हते. जे वाचता आले नाही, ते लिहिलेच गेले नाही असे आपण धरून चाललो.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर झाला, तेव्हापासून भाषेच्या प्राचीनतेविषयी उत्साहाने बोलले जात आहे. तो उत्साह स्वागतार्ह आहे. परंतु ‘गाथासप्तशती’कडे जाणारी वाट प्रशस्त करताना 1350 ते 1550 ही दोन शतके पुन्हा ओलांडूनच पुढे जाण्याचा धोका आहे. धुळे, पुणे येथील संग्रहांत आणि महानुभाव मठांतून हस्तलिखिते आहेत. ‘ज्ञानेश्वरी’च्या आणि ‘लीळाचरित्रा’च्या पाठभेदांचा अभ्यास शुद्ध संहितेसाठी पुष्कळ झाला. वाचकांच्या इतिहासाचे साधन म्हणून तो एखाद्या पीएच. डी.च्या विद्यार्थ्याने हाती घ्यावा, आणि मार्गदर्शकाने ‘यात साहित्य कोठे आहे?’ असे विचारून त्याला परत पाठवू नये.