घरातली गोष्ट, आयुष्यभराची जखम



गेल्या वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन संपले. बायका घरी निघाल्या, एक बाई मात्र मागे थांबली. वय पस्तिशीचे. नाव, गाव लिहीत नाही. सतरंजीची घडी करता करता म्हणाली, "ताई, माही पोरगी नऊ वर्षांची झाली अन् माही झोपच गेली. रात्री चार-चार वेळा उठून कडी पाहतो."

हळूहळू उलगडा झाला. ती स्वतः नऊ वर्षांची असताना सख्ख्या चुलत्याने तिच्यावर अत्याचार केला होता. आईला सांगितले तर आई म्हणाली, "कोणाले सांगू नको." पुढे चुलत्याचे लग्न झाले, त्यात ही नाचली. तो वारला तेव्हा चारचौघींबरोबर रडलीसुद्धा. सव्वीस वर्षांनी ती हे पहिल्यांदाच बोलत होती.

आपल्याला वाटते, लेकरू लहान आहे, विसरून जाईल. लेकरू विसरत नाही. परक्याने मारले तर ते घरात पळून येते. घरातल्यानेच हात टाकला तर त्याने पळायचे कुठे? ज्याच्या खांद्यावर बसून जत्रा पाहिली त्याचीच भीती वाटू लागली की मूल गोंधळते आणि शेवटी दोष स्वतःलाच देते. 'माझ्यातच काही वाईट असेल' हे मनात बसते ते मोठेपणीही जात नाही. कुणाला नवऱ्याचा स्पर्श सहन होत नाही, कुणी कुणावरच विश्वास ठेवत नाही, कुणाला जीव नकोसा वाटतो, कुणी दारूत बुडतो. होय, यात मुलगेही असतात. आणि आपले मूल त्याच वयाचे झाले की सारे पुन्हा डोळ्यांपुढे येते. "तेव्हा ओरडली का नाहीस?" असे विचारू नका. भीतीने अंग लाकडासारखे होते, आवाज फुटत नाही. तो दोष लेकराचा नाही.

हे क्वचित घडते असेही नाही. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी करून २००७ साली अहवाल काढला. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ते कुणालाही सांगितलेले नव्हते.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. गावगुंडाने आपल्या लेकीला हात लावला तर आपण बुलडाण्याला कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेतो. तोच गुन्हा घरातल्या माणसाने केला तर 'समाजाची बदनामी होईल' म्हणून दार लावून घेतो. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. मग लेकीचे तोंड दाबून राखलेली अब्रू कसली? आपण रोज पंचशील म्हणतो. त्यातले तिसरे शील नातेवाइकाला माफ नाही, आणि गुन्हा झाकण्यासाठी बोललेले खोटे चौथ्या शीलात बसत नाही.

लेकरू सांगू लागले तर आधी ऐका. "माझा तुझ्यावर विश्वास आहे, तुझे काही चुकले नाही," एवढे म्हणा. त्या माणसाला लेकरापासून दूर करा. २०१२ च्या पॉक्सो कायद्याखाली १८ वर्षांखालील मुलगा-मुलगी दोघांनाही संरक्षण आहे. नातेवाइकाने केलेला गुन्हा त्यात अधिक गंभीर धरला आहे. माहिती असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. मुलाचे नाव छापता येत नाही. १०९८ या क्रमांकावर फोन लावला तर पैसे लागत नाहीत. मोठ्या वयात हे ओझे वाहणाऱ्यांनी १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी क्रमांकावर बोलावे, तोही मोफत आहे. मनाच्या डॉक्टरकडे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे.

ती बाई आता उपचार घेते. परवा म्हणाली, "ताई, आता एकदाच उठतो." पूर्ण झोप यायला अजून वेळ लागेल. तिच्या आईने त्या दिवशी लेकीला जवळ घेतले असते तर ही सव्वीस वर्षे अशी गेली नसती.

आयांनो, बापांनो, आज रात्री जेवताना आपल्या लेकरांना एवढे सांगून ठेवा: कुणीही असो, तू सांग, आम्ही ऐकू.