नुसते पाहणे

‘नुसते पाहत काय बसलात?’ हा प्रश्न आपल्याकडे दोषारोप म्हणूनच विचारला जातो. वैद्यकीय संशोधनाविषयी बोलतानाही हीच समजूत आडवी येते. प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक, नवे औषध, नवी लस हे संशोधन. आणि खेड्यात दारोदार फिरून नोंदी घेणे हा ‘सर्व्हे’. आमच्या स्टाफरूममध्ये विज्ञान शाखेचे एक सहकारी तर म्हणाले होते की सर्व्हे काय, तलाठीसुद्धा करतो. आम्ही मराठी शिकवणारी माणसे, वैद्यकात आम्हांस गती नाही. तरीही ज्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आमचे आयुष्य गेले, तिथे जे घडले ते ठाऊक असताना हे मत मान्य करणे आम्हांस शक्य नाही.

१९८२ साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यास ‘सर्च’ ही संस्था उभी केली. त्यांच्या आरंभीच्या अभ्यासांपैकी एक स्त्रियांच्या आजारांविषयीचा होता. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधीही अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या. १९८९ च्या जानेवारीत हा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नवे औषध नव्हते की यंत्र नव्हते. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच धोरणकर्त्यांच्या नजरेचा आवाका होता. जी गर्भार नाही ती जणू आजारी पडतच नव्हती. या दोन आकड्यांपैकी आम्हांस ८ चा आकडा अधिक अस्वस्थ करतो, कारण आपण किती काळ पाहिलेच नव्हते ते तो सांगतो.

दुसरे उदाहरण न्यूमोनियाचे. आमच्या भागात ‘पोराला डब्बा झाला’ असे म्हणतात. श्वास घेताना बाळाची छाती आत ओढली जाते, पोट उडते, हे आयांनी आणि सुइणींनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. त्या पाहण्याला त्यांनी नावही दिलेले आहे. उणीव मोजमापाची होती. तान्ह्या बाळाचा श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला की धोका मानतात. पण जिला साठपर्यंत मोजता येत नाही, जिच्याजवळ घड्याळ नाही, तिने काय करावे? डॉ. बंगांनी यासाठी एक साधे श्वासमापक तयार केले. मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि त्यासोबत मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर न्यूमोनिया. हे साधन एका मिनिटाची एकाग्रता मागते, आणि ती सुइणीपाशी होतीच. (पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना आमच्यापाशी ती असतेच असे नाही.)

मात्र खरी कसोटी पुढच्या अभ्यासात आहे. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील, बेताचे शिक्षण झालेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. घरी बाळंतपण होताना हजर राहायचे आणि पुढे २८ दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा जाऊन बाळ पाहायचे, असे काम. वजन, ताप, दूध ओढणे, रडणे, हातापायांतील जोर यांची नोंद ठेवायची. अशी ७६३ बाळे पाहिली गेली. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोहोचली ती शंभरात तीनसुद्धा नव्हती. चाळीस बाळे दगावली.

वाचक इथे थबकेल. आम्हीही थबकलो होतो. बाळे मरत असताना नोंदी घ्यायच्या? सुरुवातीचा प्रश्न इथे आपल्या पूर्ण वजनानिशी समोर उभा राहतो. आमचे उत्तर असे की घरात जन्मलेले बाळ कशाने मरते हे तोवर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नीट नव्हते. पुस्तके लिहिली गेली ती रुग्णालयातील बाळांवरून, आणि इथली बाळे रुग्णालयात जातच नव्हती. त्या वर्षीच्या नोंदींवरून जंतुदोष ओळखण्याची लक्षणे ठरली: क्षीण झालेले रडणे, लुळे पडलेले हातपाय, दूध ओढणे थांबणे, अंग गार लागणे. सगळी डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी कळणारी. पुढच्या वर्षी त्याच स्त्रियांनी घरीच प्रतिजैविकांची इंजेक्शने देण्यास सुरुवात केली. तिसऱ्या वर्षी त्या गावांतील नवजात मृत्युदर हजारी २५.५ वर आला. तुलनेसाठी निवडलेल्या गावांत तो ५९.६ होता. आमच्या मते हे पहिले वर्ष समर्थनीय आहे. पण त्या चाळीस घरांपुढे बसून हा युक्तिवाद करण्याचे धैर्य आमच्यात नाही, हेही नोंदवले पाहिजे.

ते समर्थनीय वाटते याचे कारण पाहणारे परत आले. सगळेच येत नाहीत. आमच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी सांगितलेली एक हकिकत आहे. सिकलसेलसाठी एक पथक त्यांच्या पाड्यावर आले, बोटे टोचून रक्त घेतले, वहीत नावे लिहिली. कोणाच्या रक्तात काय निघाले ते पाड्याला आजतागायत कळलेले नाही. त्या वहीलाही निरीक्षणच म्हणत असतील.

२०११ पासून नवजात बाळांच्या गृहभेटींचे काम देशभर ‘आशा’ कार्यकर्त्यांकडे आले, त्यामागे गडचिरोलीचा हा अनुभव आहे. आमच्या वर्गातील काही मुलींच्या आया आशा आहेत. रात्री तक्ते भरायला मुली हातभार लावतात. त्यांपैकी एकीने सांगितले, ‘सर, रडण्याच्या रकान्यात आई नुसती बरोबरची खूण करते. पण घरी आली की ते बाळ कसं रडत होतं ते करून दाखवते, अन्‌ दुसऱ्या दिवशी तारीख नसतानाही पुन्हा जाऊन येते.’