बंदिवान राजकन्या आणि तिचे मालक

व्हिडिओ गेममधील स्त्रीचित्रणावर कोणी आक्षेप घेतला की या धंद्याचे वकील ठराविक उत्तर पुढे करतात: हा निव्वळ खेळ आहे, आणि गिऱ्हाइकाला हवे तेच आम्ही देतो. जणू गिऱ्हाईक आकाशातून पडते! ते बाजारात घडवले जाते, आणि त्याला घडवणारे हात कोणाचे, हाच खरा प्रश्न आहे.

१९८१ साली निन्टेंडो या जपानी कंपनीने 'डाँकी काँग' बाजारात आणला. एक वानर स्त्रीला पळवतो, नायक तिच्यासाठी शिड्या चढतो. तिने वर उभे राहून मदतीचा धावा करावा, एवढेच तिचे काम. १९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये राजकन्या पुन्हा बंदिवान. अशोकवनातील सीतेने रावणाला निदान सडेतोड उत्तर दिले होते. या राजकन्येला तेवढाही अधिकार नाही.

१९८२ साली अमेरिकेत विकल्या गेलेल्या 'कस्टर्स रिव्हेंज'चा तर विषयच खांबाला बांधलेल्या मूळनिवासी स्त्रीवरील बलात्कार हा होता. मूळनिवासींच्या व स्त्रियांच्या संघटनांनी त्याविरुद्ध निदर्शने केली. हाही 'निव्वळ खेळ'च काय?

पुढे नायिका आल्या, हे खरे. १९८६च्या 'मेट्रॉइड'मध्ये चिलखतातील योद्धा स्त्री असल्याचे अखेरीस उघड होते. मात्र खेळाडू जितक्या लवकर खेळ संपवील तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी! पराक्रम तिचा आणि बक्षीसही तिचेच शरीर. १९९६ची लारा क्रॉफ्ट पिस्तुले चालवते. पण तिच्या शौर्याइतकीच तिच्या देहाचीही जाहिरात झाली. (उमराव घराण्यातील ही इंग्रज बाई पेरू व इजिप्तमधील थडग्यांतून वस्तू उचलून नेते, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी.)

गिऱ्हाइकाला दुसरे काही नकोच असते, हेही खोटे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' काढला. त्यात बहीण आपल्या धाकट्या भावाला सोडवायला निघते. तो प्रथम विक्रीस आला तो निन्टेंडोच्याच यंत्रावर.

'खेळ तो खेळ' हा उपदेशही एकतर्फीच आहे. या चित्रणाची चिकित्सा करणाऱ्या अनिता सार्कीसियन यांचे यूटा राज्यातील विद्यापीठात भाषण ठरले, तेव्हा २०१४च्या ऑक्टोबरमध्ये गोळीबाराची धमकी आली. श्रोत्यांना शस्त्रे आणण्यास मज्जाव करता येत नसल्याने त्यांनी भाषण रद्द केले.

परंतु पडद्यावरची प्रतिमा बदलली म्हणजे काम संपले, असे मानणारे पुरोगामीही अर्ध्याच वाटेवर थांबतात. ती प्रतिमा जेथे तयार होते त्या कारखान्यात स्त्रीचे स्थान काय? जुलै २०२१मध्ये कॅलिफोर्निया राज्याने ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डवर दावा लावला. असमान वेतन, डावललेली बढती आणि लैंगिक छळ असे आरोप होते. त्याच महिन्यात कर्मचारी काम सोडून बाहेर पडले. डिसेंबर २०२३मध्ये सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरवर तडजोड झाली. कंपनीने दोष मान्य केला नाही, आणि छळाचे आरोप मागे घेण्यात आले. त्याआधी दोनच महिने मायक्रोसॉफ्टने ही कंपनी सुमारे ६,९०० कोटी डॉलरना विकत घेतली होती. त्या किमतीच्या एक सहस्रांशाहूनही कमी रकमेत हे प्रकरण मिटले.