शहानिशेआधीचा निकाल

१ जुलै २०१८ रोजी रविवार होता आणि धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. भिक्षा मागत मंगळवेढ्याकडून इतक्या लांब आलेली नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची पाच माणसे त्या बाजारात पोहोचली. त्यांतल्या एकाने एका लहान मुलीशी बोलायचा प्रयत्न केला, एवढे निमित्त पुरले, असे तेव्हा पोलिसांनी सांगितले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही वार्ता मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जिवे मारले.

त्या दिवसांत देशभर फिरणारी एक चित्रफीत मुळात कराचीची होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. खरे तर ती मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात. तिच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापून टाकला. उरलेला तुकडा लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून तर त्यावर शंका घेतली गेली नाही. ऐकीव गोष्टीबद्दल माणूस निदान एकदा विचारतो. डोळ्यांदेखतच्या गोष्टीत पुढे काय झाले, हे विचारायचे त्याला सुचतच नाही.

आणि संशय भटक्यांवरच का जावा? इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तपास नाही, पुरावा नाही, थेट निकाल. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण पालावरच्या माणसाकडे पाहणारी नजर बदलली नाही.

राईनपाड्यानंतर शहरांत अनेकांनी ‘अडाणी माणसे, दुसरे काय होणार’ म्हणून विषय मिटवला. हाही उतावळेपणाच. तेच निरोप शिकल्यासवरल्या घरांतल्या गटांतही फिरत होते, आणि आपले मूल कुणी नेईल ही आईबापांची भीती कुठेही खरीच असते. भीती वाटणे हा गुन्हा नाही. मात्र ती मनात असताना आपण जे ठरवतो, ते पक्के मानण्याचा हक्क आपल्याला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. नाव काय, गाव कोणते, कशासाठी आलात, हे विचारायला आणि उत्तर ऐकून घ्यायला फार वेळ लागत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणण्याचे जाहीर केले. ती कंपनीची मर्यादा झाली. आपली आपणच घालायची आहे. असा निरोप पुन्हा आला, तर तो पुढे धाडण्याआधी गावच्या पोलीस पाटलांना एक फोन करा.