कायदा आणि कुटुंब : मनाईहुकमाची ढाल

सतरा वर्षांची एक मुलगी. आईवडिलांकडे नव्हे, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम महापालिकेच्या देखरेखीखाली राहणारी. तिच्याभोवती काही पुरुषांचा वावर वाढला होता. ते तिचा लैंगिक गैरफायदा घेत आहेत, अशी महापालिकेच्या समाजसेवकांची खात्री झाली होती. पण कोणालाही शिक्षा होऊ शकेल इतका पुरावा पोलिसांच्या हाती नव्हता.

अशा प्रकरणांत हे नेहमीचेच असते. आमिष, गोड बोलणे आणि धाक यांत गुरफटलेली मुले तक्रार करायला धजत नाहीत. कित्येकांना तर आपण फसवले जात आहोत हेच उमगत नाही. फौजदारी न्यायालयात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. जिच्यावर अन्याय झाला तीच बोलत नसेल, तर खटला उभा राहणार कसा? आणि तोवर मुलीचे काय?

बर्मिंगहॅम महापालिकेने २०१४ मध्ये वेगळी वाट धरली. ती उच्च न्यायालयाच्या कुटुंब विभागाकडे गेली आणि तिथे शिक्षा नव्हे, मनाईहुकूम मागितला. न्या. कीहान यांनी दहा पुरुषांविरुद्ध तो दिला. या मुलीशी कोणत्याही प्रकारे संपर्क ठेवायचा नाही. एवढेच नव्हे, तर पूर्वीची ओळख नसलेल्या, अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलीला सार्वजनिक जागी गाठायचे नाही, असे त्यांना बजावण्यात आले. हुकूम मोडला तर तो न्यायालयाचा अवमान, आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

हे शक्य झाले, कारण दिवाणी न्यायालयाचे माप वेगळे असते. अमुक गोष्ट घडली नसण्यापेक्षा घडली असण्याचीच शक्यता अधिक, एवढे पटले तरी पुरते. फौजदारी न्यायालय झालेल्या गुन्ह्याचा जाब विचारते; मनाईहुकूम उद्याचा अनर्थ टाळू पाहतो.

अर्थात, या मार्गालाही मर्यादा आहेत. दोष सिद्ध न होताच माणसाच्या वागण्यावर बंधन येते, म्हणून हुकूम नेमका असावा लागतो. २०१५ मध्ये लंडनमधल्या एका प्रकरणात न्या. हेडन यांनी सांगितले, की ज्या मुली कोण हेही ठाऊक नाही, अशा सर्वांसाठी न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात सरसकट हुकूम देऊ शकत नाही. त्याच वर्षापासून तिथल्या पोलिसांना असे हुकूम मागण्याची खास तरतूद कायद्यानेच मिळाली. त्यांतला एक हुकूम थेट माणसांच्या तस्करीचा धोका रोखण्यासाठी आहे.

आपल्याकडेही अशी एक ढाल आहे, पण ती फार थोड्यांना ठाऊक असते. लग्नाच्या नावाखाली अल्पवयीन मुली परराज्यात नेऊन विकल्या जातात. तिथे २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याचे १३ वे कलम उपयोगी पडते. बालविवाह ठरला आहे किंवा लागण्याच्या बेतात आहे, अशी माहिती कोणीही दिली, तरी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी तो थांबवण्याचा मनाईहुकूम काढू शकतात. तातडी असेल तर समोरच्यांना नोटीस न देताही अंतरिम हुकूम मिळतो. तो मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. स्त्रियांना मात्र कैद होत नाही. शिवाय हुकूम डावलून लावलेले लग्न मुळातच रद्द ठरते. लग्नासाठी विकलेल्या किंवा फसवून नेलेल्या अल्पवयीन मुलीचे लग्नही १२ व्या कलमाने असेच रद्द ठरते.

शेजारची शाळकरी मुलगी अचानक शाळेत जाईनाशी झाली, दूरचे स्थळ घाईघाईने ठरले, मध्यस्थ कोणाच्याच ओळखीचा नाही, मुलीकडचा खर्चही तोच करतो आहे, अशी चिन्हे दिसली तर 'आपल्याला काय करायचे' म्हणून गप्प बसू नये. बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याला किंवा पोलिसांना कळवावे, नाहीतर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. मुलीचे नाव, पत्ता आणि लग्नाची तारीख एवढी माहिती असली तरी काम सुरू होते. लग्न लागून मुलगी परराज्यात गेल्यावर तिला शोधून परत आणणे फार अवघड असते. म्हणून कळवायचे ते मांडव पडण्याआधीच.