खर्ड्याची संहिता आणि पुसलेली शंका

पाचगणीजवळच्या भिलारमध्ये 2017 साली ‘पुस्तकांचे गाव’ उभे राहिले. तेथे वाचकाला भेटते ते बांधून पूर्ण झालेले पुस्तक. त्यामागच्या खर्ड्यांचे काय झाले, हे त्याने विचारले नाही तरी चालेल. विद्यापीठीय मराठी विभागांनी ते न विचारणे मात्र अक्षम्य आहे.

आपण पाठचिकित्सा शिकवतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संहितेतील कमी निश्चित पाठांखाली नागमोडी रेघ छापलेली आहे. सुखठणकरांसारख्या संपादकाला आपली शंका पानावर उघड ठेवण्यात कमीपणा वाटला नाही. ही रेघ वर्गात कौतुकाने दाखवणारे प्राध्यापक विद्यार्थ्याच्या प्रकरणातील वाक्य मात्र मुकाट्याने बदलून टाकतात. पूर्वी निदान लाल शाई उरत असे. आता जुन्या फाइलवर नवी फाइल चढते, आणि चौथ्या खर्ड्याअखेर ‘देशीवादा’विषयीचे ते धीट विधान विद्यार्थ्याचे की मार्गदर्शकाचे, हे दोघांनाही सांगता येत नाही. मग कर्तृत्व कोणाचे?

डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक्’वर (1978) लेस्ली लॅम्पोर्ट यांनी उभारलेली ‘लाटेक’ ही अक्षरजुळणीची खूणभाषा आमच्याकडे ‘गणितवाल्यांची’ म्हणून बाजूला सारली जाते. हा निव्वळ आळस आहे. या भाषेत लेखक मजकुराचे रूप रंगवत नाही, त्याचे कार्य नोंदवतो: हे अवतरण, ही तळटीप, हा संपादकाने घातलेला शब्द. टक्क्याच्या चिन्हापुढे लिहिलेला शेरा ओळीच्या अखेरीपर्यंत छपाईत येत नाही, मूळ फाइलीत मात्र राहतो. ‘शंका’, ‘वगळलेले’, ‘घातलेले’ अशा अर्थाच्या आज्ञा स्वतः रचता येतात. त्यांची व्याख्या एका जागी बदलली की तोच खर्डा एकदा शेऱ्यांसह छापावा, एकदा निर्मळ. सुखठणकरांची रेघ याहून वेगळे काय करत होती? शिवाय फाइल साध्या यूनिकोड अक्षरांची असते. यूनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेले आपले कितीतरी लेखन तो विशिष्ट फाँट नसेल तर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन बसते, हा अनुभव कोणाला नाही?

नेहमीच्या शब्दसंस्कारकातही बदल नोंदवता येतात, असा आक्षेप येईल. येतात; पण बदल ‘स्वीकारला’ की त्या प्रतीतून त्याचा माग जातो, आणि आपल्याकडे सादरीकरणाआधी सगळे घाईने स्वीकारलेच जाते. लाटेकही दयाळू नाही. एक महिरपी कंस राहिला की सारे अडते, आणि मदतीला विभागात कोणी नसते. शेरा पुसायचाच असेल तर तो येथेही पुसता येतो. म्हणून प्रश्न अखेर साधनाचा नसून संपादकीय शिस्तीचा आहे. हे साधन ती शिस्त शक्य करते, एवढेच.

खरी अडचण वेगळीच असावी. मूळ फाइल दुसऱ्याच्या हाती गेली की मार्गदर्शकाचे उर्मट, चुकीचे किंवा उसने शेरेही वाचले जातील, ही धास्ती. ते वाचले जावेत. शोधगंगेवर आज प्रबंधाची अंतिम पीडीएफ चढते. तिच्याबरोबर शेऱ्यांसहित मूळ फाइलही विभागाच्या ग्रंथालयात जमा करण्याचा नियम अभ्यासमंडळांनी करावा, आणि त्याची सुरुवात मराठीपासून व्हावी.